दुर्बीण, पण कोणत्या वाटेनं?



‘दुर्बिणीतून ऑपरेशन झालं’ हे वाक्य आता गावोगावी ऐकू येतं. कुणाची पित्ताची पिशवी दुर्बिणीतून काढली, कुणाचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन दुर्बिणीनं झालं, कुणाच्या जठरात अल्सर आहे का ते दुर्बीण घालून पाहिलं. शब्द एकच, पण वाटा निरनिराळ्या. एकीत पोटाला छोटी भोकं पाडतात, दुसरीत दुर्बीण तोंडातून जाते. आज मी तिसऱ्या वाटेबद्दल बोलणार आहे. ही दुर्बीण उजव्या बरगड्यांमधून शिरते, यकृतातून पुढे जाते आणि पित्तनळीत उतरते. ती चालवणारे पुष्कळदा सर्जन नसतात. ते रेडिओलॉजिस्ट असतात, म्हणजे आपण ज्यांना सोनोग्राफीवाले डॉक्टर म्हणतो त्यांच्याच शाखेतले.

विषय अवघड वाटेल. पण आमच्या प्रभागातल्या एका ताईंवर हा उपचार झाला, तेव्हा तीन दिवस त्यांच्या घरच्यांना कळतच नव्हतं की डॉक्टर नेमकं काय करणार आहेत. सासूबाई सारख्या म्हणत होत्या, “दुर्बीण तर मागेच झाली की. आता परत कसली दुर्बीण?” प्रश्न अगदी रास्त होता. त्या ताईंना विचारूनच मी हे सांगते आहे.

आधी पित्त म्हणजे काय ते बघू, कारण आपल्या बोलण्यात या शब्दानं फार घोळ घातला आहे. छातीत जळजळलं की आपण म्हणतो पित्त झालं. अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच उठलं म्हणतो. जळजळ होते ती जठरातल्या आम्लानं आणि गांधी उठतात त्या ॲलर्जीनं. यकृतात तयार होणारं पित्त हा वेगळाच रस आहे. तो सोनेरी-हिरवट आणि चवीला कडू असतो. यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. तेलातुपाचं पचन त्याच्या मदतीनं होतं. यकृतभर बारीक बारीक नळ्या असतात. ओढे एकमेकांना मिळून नदी व्हावी तशा त्या मिळत जातात आणि शेवटी एक मुख्य पित्तनळी होते, पेन्सिलीपेक्षा जराशी बारीक. वाटेत बाजूला पित्ताशयाची पिशवी लटकलेली असते. ती फक्त साठवणीची जागा, म्हणून ती काढली तरी माणूस नीट जगतो. पण पित्तनळीला पर्याय नाही. ती तुंबली की कावीळ होते.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की एक पिवळं द्रव्य तयार होतं, त्याला बिलिरुबिन म्हणतात. यकृत ते पित्तात मिसळून आतड्यात सोडतं आणि त्यामुळेच शौचाला पिवळा-तपकिरी रंग येतो. नळी बंद झाली तर हे द्रव्य आतड्यात पोचत नाही, रक्तात साठतं. मग डोळे पिवळे होतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते आणि शौच शाडूच्या मातीसारखं पांढरट पडतं. त्यात भर म्हणजे अंगाला खाज सुटते. पुरळ नाही, गांधी नाहीत, नुसती खाज, रात्री जास्त. पिवळे डोळे आणि पांढरट शौच ही जोडी लक्षात ठेवा, कारण शौचाचा रंग डॉक्टरांच्या आधी घरातल्या बाईलाच दिसतो. तान्ह्या बाळाचंही तेच. दोन आठवडे उलटून गेले तरी बाळाची कावीळ उतरत नसेल आणि शी पांढरट होत असेल तर एक दिवसही थांबू नका. काही बाळांची पित्तनळी जन्मतःच बंद असते आणि त्यावरचं ऑपरेशन पहिल्या दोन महिन्यांच्या आत झालं तर गुण येण्याची शक्यता जास्त असते.

आता माळेबद्दल. कावीळ झाली की गळ्यात माळ घालायची, ती लांब होत गेली की कावीळ उतरली म्हणायचं. कुठे हाताला चुना चोळून पिवळं पाणी काढून दाखवतात, कुठे नाकात झाडपाल्याचे थेंब टाकतात. लोकांचा त्यावर एवढा विश्वास का बसला? दूषित पाण्यातून विषाणू जाऊन जी कावीळ होते, ती बहुतेक माणसांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. तोवर माळही लांबते, कारण तिच्या काड्या वाळून आक्रसतात आणि त्यांच्यावरचे दोरे सैल पडत जातात. बरं केलं शरीरानं, नाव झालं माळेचं. तुंबलेली नळी मात्र अशी आपोआप मोकळी होईल याचा काही भरवसा नाही. तिथे माळ लांबत राहते आणि माणूस खालावत जातो. नाकात टाकलेल्या थेंबांनी किंवा अनोळखी पाल्याच्या रसानं आधीच थकलेल्या यकृताला आणखी इजा होऊ शकते, ते वेगळंच.

नळी तुंबवणाऱ्या गोष्टी अनेक आहेत. सगळ्यात नेहमीची म्हणजे पित्ताशयातून घसरून आलेला खडा. पित्ताचे खडे बायकांत पुरुषांपेक्षा जास्त होतात. बाळंतपणं, शरीरातली संप्रेरकं, वाढलेलं वजन, कधी कधी फार झपाट्यानं उतरवलेलं वजनसुद्धा त्याला कारण होतं. जुन्या ऑपरेशननंतर नळी आक्रसते. पित्ताशयाची, स्वादुपिंडाची किंवा नळीचीच गाठ असू शकते. पोटातला जंत चढून नळीत शिरल्याचीही उदाहरणं आहेत.

तुंबलेल्या पाण्यात जसे किडे होतात तसे साठलेल्या पित्तात जंतू वाढतात. मग कावीळ, उजव्या बरगडीखाली दुखणं आणि थंडी वाजून ताप अशी तीन लक्षणं एकत्र येतात. फ्रान्सच्या शार्को नावाच्या डॉक्टरांनी १८७७ मध्ये ही तिकडी सांगून ठेवली आणि आजही डॉक्टर तिच्यावरूनच सावध होतात. ही तिन्ही दिसली तर सकाळची वाट बघायची नाही. मळणी असो, लग्न असो, गटाची बैठक असो, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा. हे जंतू रक्तात गेले तर रक्तदाब पडतो आणि जीव जातो. नुसत्या सलाईन-इंजेक्शननं भागत नाही, साठलेलं पित्त बाहेर काढावंच लागतं.

ते काढायच्या वाटा तीन.

पहिली तोंडातून. लांब दुर्बीण जठरातून पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला नेतात. तिथे पित्तनळीचं छोटं तोंड असतं. त्यातून बारीक नळी आत सारून, औषध सोडून क्ष-किरणात चित्र बघतात, तोंड जरा कापून मोठं करतात आणि खडा ओढून काढतात. या प्रकाराला ईआरसीपी म्हणतात. १९६८ मध्ये अमेरिकेत ती पहिल्यांदा झाली आणि १९७४ पासून ते तोंड कापून खडे काढायला सुरुवात झाली. हे काम पोटविकारतज्ज्ञ करतात. साध्या खड्यासाठी पहिली पसंती आजही हीच आणि ती योग्यच आहे. कुणी तुम्हाला उगाच बरगडीतून नळी घालू म्हणत असेल, तर ईआरसीपी का नको हे जरूर विचारा.

दुसरी वाट ऑपरेशनची, पोट उघडून किंवा पोटाला भोकं पाडून.

तिसरी वाट लागते ती पहिल्या दोन अडल्या की. आमच्या ताईंचं तसंच झालं होतं. सहा वर्षांपूर्वी त्यांची पित्ताची पिशवी दुर्बिणीतून काढली होती. ही शस्त्रक्रिया आपल्याकडे काही नवी नाही. १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी ती भारतात पहिल्यांदा केली आणि आता जिल्ह्याच्या ठिकाणीही ती सर्रास होते. हजारात सुमारे तीन ते पाच जणांच्या बाबतीत तिच्यात मुख्य पित्तनळीला इजा होते. आतला भाग सुजून एकमेकांना चिकटलेला असेल, तर चांगल्या हातूनही होते. ताई त्या तीन-पाचांत सापडल्या. मग दुसऱ्या मोठ्या ऑपरेशनमध्ये लहान आतड्याचा एक फाटा वर ओढून थेट यकृतातून येणाऱ्या नळीला जोडला. जीव वाचला. सहा वर्षांनी तो जोड आक्रसला, त्याच्या मागे पित्त साचलं आणि यकृतातल्या नळ्यांमध्ये खडे झाले. असे खडे पित्ताशयातल्यासारखे टणक नसतात, बहुधा तपकिरी आणि ठिसूळ असतात.

आता तोंडातून दुर्बीण घालून तिथवर जायचं कसं? आतड्याचा रस्ताच बदललेला. कितीतरी वळणं घेत, जोडावरून उलट फिरून वर चढायचं. लांब, खास बनावटीच्या दुर्बिणीनं काही मोठ्या केंद्रांत हे जमतं, पण दर वेळी नाही. पुन्हा पोट उघडायचं तर दोन ऑपरेशनांनी आत सगळं चिकटलेलं. म्हणून डॉक्टर म्हणाले, यकृतातून जाऊ.

इथे रेडिओलॉजिस्ट येतात. आपल्याला ते फोटो काढून रिपोर्ट लिहिणारे म्हणून माहीत असतात. पण त्यांच्यातली एक शाखा चित्र बघत बघत सुईनं आणि तारेनं उपचार करते. तिला इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी म्हणतात. नाव जड आहे, पण कागदावर ते दिसलं तर ओळखू यावं म्हणून सांगितलं. या शाखेची सुरुवात १९६४ ची मानतात. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात ८२ वर्षांच्या एका आजींचा पाय रक्तपुरवठा थांबल्यानं काळा पडत चालला होता. सर्जननी पाय कापायला सांगितला, आजींनी साफ नकार दिला. तेव्हा चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टनी मांडीच्या रक्तवाहिनीतून नळ्या सरकवून आतली अरुंद जागा रुंद केली. आजींचा पाय वाचला. मला ही गोष्ट आवडते ती आजींच्या नकारामुळे.

यकृतातून सुई घालून पित्तनळीचं चित्र घेण्याचा प्रयत्न त्याच्याही आधीचा आहे. १९३७ मध्ये हनोईतल्या दोन डॉक्टरांनी तो छापून आणला होता. पण जाड सुईनं रक्तस्राव व्हायचा, पित्त पोटात गळायचं. पुढे जपानच्या चिबा विद्यापीठात जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीची लवचिक सुई तयार झाली, १९७४ च्या सुमारास ती जगभर माहीत झाली आणि ही वाट वापरण्याजोगी झाली. डॉक्टर आजही तिला चिबा सुईच म्हणतात.

प्रत्यक्षात करतात ते असं. आधी रक्ताच्या तपासण्या, त्यात रक्त गोठायला किती वेळ लागतो ती महत्त्वाची. तुंबलेल्या काविळीत के जीवनसत्त्व अंगी लागत नाही, कारण ते शोषायला आतड्यात पित्त लागतं. के नसेल तर रक्त लवकर गोठत नाही. म्हणून त्याची इंजेक्शनं देतात. रक्त पातळ करणारी गोळी कुणी घेत असेल, हृदयासाठी किंवा लकव्यानंतर, तर ती डॉक्टरांना आठवणीनं सांगायची. खोकड किंवा पाकिटच सोबत न्यावं, नाव आठवत बसू नये. नळ्यांचा नकाशा मिळावा म्हणून बहुधा एमआरसीपी नावाचं चित्र आधी काढतात. त्यात सुईही नसते आणि क्ष-किरणही नसतात.

मग बरगड्यांच्या मधली जागा बधिर करतात, गुंगीचं औषध देतात. सोनोग्राफीत बघत ती बारीक सुई फुगलेल्या पित्तनळीत नेतात. सुईतून बारीक तार, तारेवरून जाड तार, तिच्यावरून नळी. सुईत दोरा ओवून त्याच्यामागून जाड नाडी ओढावी तसं. शेवटी सुमारे तीन मिलिमीटर जाडीची नळी आत राहते, तिचं टोक आत गोल वळतं म्हणजे ती सटकत नाही. बाहेरच्या टोकाला पिशवी. या सगळ्याला पीटीबीडी म्हणतात आणि तुंबलेलं पित्त काढायला पुष्कळदा एवढंच पुरतं. ताईंचा ताप दोन दिवसांत उतरला. खाज थांबायला मात्र वेळ लागला.

नळीमुळे पित्त बाहेर आलं, पण खडे आणि आक्रसलेला जोड तसाच होता. पूर्वीही रेडिओलॉजिस्ट अशा वाटेनं खडे काढत. पोट उघडून ऑपरेशन झालं की पित्तनळीत टी आकाराची रबरी नळी ठेवायची पद्धत होती. मागे खडा राहिलाच, तर त्याच नळीच्या वाटेनं, क्ष-किरणात बघत, तारेच्या छोट्या टोपलीत खडा पकडून काढायची रीत बुर्हेन नावाच्या रेडिओलॉजिस्टनी १९७३ मध्ये मांडली. अडचण एवढीच की क्ष-किरणात दिसते ती सावली. औषध सोडल्यावर नळी भरलेली दिसते आणि मध्ये एक रिकामा ठिपका दिसतो. तो खडा असेल, हवेचा बुडबुडा असेल, रक्ताची गुठळी असेल किंवा गाठही असेल. सावलीवरून माणूस ओळखण्यासारखंच ते.

म्हणून दुर्बीण. यकृतातल्या नळ्यांत खडे होण्याचं प्रमाण जपान, कोरिया, तैवान या भागात जास्त, त्यामुळे या वाटेनं दुर्बीण घालण्याचं कसब तिथेच आधी वाढलं. अलीकडे साडेतीन मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या दुर्बिणी निघाल्या आहेत, तेव्हापासून इतर देशांतले रेडिओलॉजिस्टही त्या हातात घेऊ लागले. वाट त्यांनीच पाडलेली असते, तारा-नळ्यांवर त्यांचा हात बसलेला असतो. एका पडद्यावर क्ष-किरणाचं चित्र, दुसऱ्यावर दुर्बिणीचं. पहिलं सांगतं आपण यकृतात कुठे आहोत, दुसरं दाखवतं समोर काय आहे. काही ठिकाणी पोटविकारतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट शेजारी उभे राहून हे काम करतात. माझ्या मते पेशंटच्या दृष्टीनं ते सगळ्यात चांगलं.

दुर्बीण पहिल्याच दिवशी घालत नाहीत. लोक इथेच वैतागतात, नळी घालून घरी का पाठवलं म्हणतात. त्याला दोन कारणं आहेत. नळीभोवतीची वाट पक्की व्हायला आणि हळूहळू रुंद करायला काही आठवडे लागतात. आणि दुर्बिणीतून स्वच्छ दिसावं म्हणून सतत सलाईन सोडावं लागतं. आत जंतू असताना त्या दाबानं ते रक्तात ढकलले जाऊ शकतात. म्हणून आधी संसर्ग शमवायचा, मग दुर्बीण.

खडा दिसला की दुर्बिणीतल्या बारीक छिद्रातून लेझरचा धागा पुढे करतात किंवा विजेच्या ठिणगीनं पाण्यात धक्का देणारी तार वापरतात. मुतखडा पाठीतून दुर्बीण घालून फोडतात ते तुम्ही ऐकलं असेल, काम बरंचसं तसंच. तुकडे टोपलीत धरून काढतात किंवा पुढे आतड्यात ढकलून देतात, ते शौचावाटे जातात. आक्रसलेली जागा फुग्यानं रुंद करतात. गाठीची शंका असली तर दिसणाऱ्या जागेचाच बारीक तुकडा तपासायला घेता येतो. कर्करोगाच्या बाबतीत याचं मोल फार आहे, कारण खरंच कर्करोग आहे की नुसता आक्रसलेला भाग, यावर पुढचं सगळं ठरतं. एका बैठकीत काम संपेलच असं नाही. ताईंना तीनदा जावं लागलं.

धोके आहेत. यकृतात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, रक्तस्राव होऊ शकतो. पित्त पोटात गळू शकतं. सुई फुप्फुसाच्या आवरणाला लागू शकते. जंतू रक्तात जाऊन थंडी-ताप येऊ शकतो. सही करण्याआधी हे डॉक्टरांनी तुम्हाला मराठीत सांगायला हवं. सही नवरा करत असला तरी ऐकायला पेशंट बाईनं स्वतः बसावं. दिवस गेले असतील किंवा शंका असेल तर ते आधीच सांगायचं, क्ष-किरणाचा प्रश्न असतो.

आता घरचं बघू, कारण नळी काही आठवडे, जोड रुंद राहावा म्हणून कधी काही महिनेही ठेवावी लागते आणि तेवढे दिवस पेशंट घरीच असतो.

पिशवी कायम नळीच्या भोकापेक्षा खाली हवी, झोपतानाही. ती वर गेली तर बाहेर आलेलं पित्त उलट आत जायला बघतं. पदराआड लपवायची म्हणून कित्येकजणी ती वर खोचतात, ते करू नका. आमच्या गटातल्या शिवणकाम करणाऱ्या एकीनं ताईंना नाडीची सुती थैली शिवून दिली, कमरेला बांधून मांडीवर लटकणारी, वरून साडी. बाहेरच्या माणसाला काही दिसत नव्हतं. परकराच्या नाडीत नळी अडकू द्यायची नाही, कूस बदलताना तिला हिसका बसू द्यायचा नाही. कपडे, वळकटी, शेजारी झोपलेलं मूल, कशानंही ओढली जाऊ शकते. हंडा उचलणं, भारा डोक्यावर घेणं बंद. हे ऐकायला सोपं आहे. घरात दुसरं कुणी पाणी भरणार आहे का, हा खरा प्रश्न असतो. तो दवाखान्यातून निघण्याआधी घरात बसून सोडवायला हवा.

पिशवीत रोज किती पित्त आलं ते मापून वहीत लिहायचं. तारीख, किती मिली, रंग. गटाचं रजिस्टर लिहिणाऱ्या बाईला हे मुळीच अवघड नाही. पित्त सोनेरी किंवा हिरवट असतं. लाल दिसलं तर लगेच फोन करायचा. एकदम कमी झालं आणि पोट दुखायला लागलं तर नळी तुंबली किंवा सरकली असेल. आणि फारच जास्त येत असेल, दिवसाला लिटरभर किंवा त्याहून जास्त, तर त्याबरोबर शरीरातलं पाणी आणि मीठही जातं. थकवा येतो, घसा कोरडा पडतो, लघवी कमी होते. तेव्हा डॉक्टरांना सांगायचं. जलसंजीवनी किती घ्यायची ते ते सांगतील, कारण पोटात पाणी झालेल्या किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या पेशंटचा हिशेब वेगळा असतो. सगळं पित्त पिशवीतच येत असेल तर शौच पांढरटच राहतं, त्याला घाबरू नका. नळी अडथळ्याच्या पुढे गेली आणि पित्त आतड्यात जाऊ लागलं की रंग परत येतो.

नळीत सलाईन सोडायला सांगितलं असेल तर सांगितलं तेवढंच, बहुधा पाच ते दहा मिली, हळूवार. आत जात नसेल तर जोर लावायचा नाही. उलट ओढायचं तर अजिबात नाही. हात साबणानं धुऊन. आपल्या आशाताईंना किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरना पहिल्या वेळी शेजारी बसवून घेतलं तर भीती जाते. भोकाजवळची पट्टी कोरडी ठेवायची, आंघोळ करताना त्या बाजूला पाणी जाऊ द्यायचं नाही, विहिरीत-नदीत उतरणं बंद. हळद, राख, कसलाही लेप तिथे लावायचा नाही. थंडी वाजून ताप आला, नळी बाहेर सरकली किंवा सगळी निघाली, तर ती स्वतः परत घालायची नाही. भोकावर स्वच्छ पट्टी ठेवून त्याच दिवशी निघायचं, कारण वाट लवकर बुजते आणि मग सगळं पहिल्यापासून. नळी जास्त दिवस राहणार असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी बदलावी लागते. ती तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. बरं वाटायला लागलं की हीच तारीख विसरली जाते.

पैशाचं. पीटीबीडी मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत होते, पण यकृतातून दुर्बीण घालून खडे फोडणं त्याहून थोड्या ठिकाणी. धावाधाव करण्याआधी फोन करून विचारा की तुमच्याकडे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी विभाग आहे का आणि तिथे ही दुर्बीण आहे का. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांच्याकडे जायचं आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या उपचाराचं नाव दाखवून तो योजनेत बसतो का, किती वेळा बसतो, दुर्बिणीच्या सामानाचे वेगळे पैसे पडणार का, हे भरती होण्याआधी विचारायचं. आमच्या ताईंना गटातून अंतर्गत कर्ज दिलं, पण तीन बैठकींचा अंदाज आधी कळला असता तर हप्ते तसे बांधता आले असते. म्हणून डॉक्टरांना ‘किती खर्च’ एवढंच न विचारता ‘किती वेळा यावं लागेल’ हेही विचारा.

आणि एक कागद सगळ्यांत जपून ठेवा, जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड. कोणती वाट उघडी आहे आणि कोणती बंद, हे पोटात आधी काय कुठे जोडलं आहे त्यावर ठरतं आणि ते त्या कार्डावर लिहिलेलं असतं. ताईंचं कार्ड पत्र्याच्या पेटीत लग्नाच्या साड्यांखाली होतं. ते सापडेपर्यंत एक दिवस गेला, आणि ते बघितल्यावरच डॉक्टरांनी तोंडातून जाण्याचा विचार सोडला. कार्डाचे मोबाईलवर फोटो काढून घरातल्या दोघातिघांच्या फोनमध्ये ठेवा, म्हणजे मुंबई-पुण्याला नेताना कार्ड घरी राहिलं तरी अडत नाही.

सगळे खडे निघाले की नळी लगेच काढत नाहीत. बाहेरचं तोंड काही दिवस बंद ठेवून बघतात. ताप नाही, दुखणं नाही, कावीळ परत चढत नाही आणि औषध सोडून घेतलेल्या चित्रात पित्त सरळ आतड्यात उतरताना दिसतं, असं झालं की नळी ओढून काढतात. त्याला एखादं मिनिट लागतं. भोक काही दिवसांत आपोआप भरतं, तोवर थोडं पित्त पाझरून पट्टी पिवळी होते. आक्रसलेली जागा पुन्हा आक्रसू शकते, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी करत राहायची. मधल्या काळात शौच पांढरट दिसलं किंवा रात्रीची खाज परत सुरू झाली, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता जायचं, डिस्चार्ज कार्ड आणि ती मिलीची वही दोन्ही घेऊन.